छत्तीसचा आकडा

रात्री साडेदहाचं इंजेक्शन म्हणजे साडेदहाचंच. दहा चाळीस नाही, ‘जेवणं उरकू देत, मग’ नाही. १९८८ पासून तेवीस वर्षं मी दादरच्या एका खाजगी वंध्यत्व निवारण केंद्रात परिचारिका होते. या एका सुईसाठी मी किती जिने चढले असेन त्याची गणती नाही. नायगावच्या चाळी झाल्या, वडाळ्याच्या रेल्वे वसाहती झाल्या. एकदा तर एका बाईच्या दिराचं लग्न होतं. पंगत बसलेली, सनई चाललेली, आणि मांडवामागे भाड्याच्या भांड्यांच्या ढिगाआड तिची जाऊ चादर धरून उभी राहिली नि मी सुई टोचली. ती हसत पुन्हा वाढायला गेली.

कागदावर त्याला एचसीजी म्हणत, पाच हजार किंवा दहा हजार युनिट. बायका म्हणत ‘अंडं फुटायचं इंजेक्शन’. ते दिल्यापासून साधारण छत्तीस तासांनी स्त्रीबीज पिकून बीजांडकोशातून सुटायच्या बेतात येतं. फार आधी काढायला गेलं तर कच्चं, उशीर केला तर निसटलेलं. म्हणून सुई आज रात्री साडेदहाला आणि बीज काढायचं परवा सकाळी साडेदहाला, म्हणजे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, प्रयोगशाळा सगळे जागेवर असताना. आपल्याकडे छत्तीसचा आकडा म्हणजे दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवलेली. माझा सगळा संसार मात्र या आकड्यावर चालला. तो आला कुठून, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं.

मुहूर्त पाळणं तसं आपल्याला नवं नाही. माझी आजी चौथ्या दिवशीचं न्हाणं आणि त्यापुढच्या रात्री बोटांवर मोजायची. स्मृतींमध्ये पाळी सुरू झाल्यापासून सोळा रात्री ऋतुकाळ धरलाय आणि त्यातल्या पहिल्या चार वर्ज्य. सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी, ही त्यातली भर सोडून द्या. पण पाचव्यापासून सोळाव्या रात्रीपर्यंत म्हटलं, तर अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा नेमका दिवस त्या जाळ्यात सापडतोच. जाळं मोठं होतं एवढंच. ते बारीक विणलं जपानमधल्या निगाता शहरातल्या क्यूसाकू ओगिनो या डॉक्टरांनी, १९२४ मध्ये. त्यांनी मोजणी उलटी केली. मागच्या पाळीपासून पुढे मोजत जाण्याऐवजी पुढच्या पाळीपासून मागे या, बारा ते सोळा दिवसांच्या मधे बीज सुटतं. मूल हवं असलेल्या बायकांना हा हिशेब उपयोगी पडावा, अशी त्यांची इच्छा होती. जगानं तो वापरला मूल टाळण्यासाठी, आणि ओगिनोंना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

पण दिवस कळला म्हणून तास कळत नाही. आणि जिचं बीज पिकतच नाही, तिनं पंचांग पाहून काय करायचं? अशा बायका आमच्याकडे यायच्या तेव्हा बहुतेकींचे पिंपळाचे फेरे घालून झालेले असायचे. ‘सिस्टर, एकदा कूस उजवू दे, मग काही मागणार नाही,’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की कोण म्हणालं ते आता आठवत नाही.

या औषधांचा इतिहास हा लघवीचा इतिहास आहे. नाक मुरडू नका. १९२७ च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम आणि त्सोंडेक या दोघांनी गरोदर बाईची लघवी उंदरांच्या कोवळ्या माद्यांना टोचली, आणि त्यांचे बीजांडकोश पिकले. दिवस राहिलेत की नाही हे सांगणारी पहिली खात्रीची चाचणी ती हीच. लघवीतली ती वस्तू म्हणजे एचसीजी. नेदरलँड्समधल्या ऑस गावात ऑर्गनॉन कंपनीसाठी १९३१ पासून गरोदर बायका आपली लघवी साठवून देऊ लागल्या. त्या उपक्रमाचं नावच ‘आयांकडून आयांसाठी’ असं आहे. बीज सुटण्याआधी मेंदूखालची पियूषिका ग्रंथी एलएच नावाचं संप्रेरक भरभरून सोडते. एचसीजीचा तोंडवळा त्याच्याशी इतका मिळतो की शरीर फसतं. म्हणजे साडेदहा वाजता माझ्या सिरिंजमध्ये जे असायचं, ते कुठल्या तरी अनोळखी बाईच्या गरोदरपणातलं असायचं. हे कळल्यावर मला ती कुपी फोडताना उगाच जपून फोडावीशी वाटायची.

हे झालं बीज सोडवण्याचं. आधी ते वाढवायला हवं. स्वीडनमध्ये कार्ल गेमझेल यांनी १९५८ मध्ये मृत माणसांच्या पियूषिका ग्रंथींमधून अर्क काढून ते करून दाखवलं. औषध लागू पडलं, पण मेलेल्यांच्या ग्रंथी आणणार किती? पुढे ऑस्ट्रेलियात असा अर्क घेतलेल्या काही बायकांना मेंदूचा असाध्य आजार झाला नि त्या गेल्या, आणि १९८५ मध्ये तिथला तो कार्यक्रम बंद झाला.

दुसरी वाट रोममध्ये निघाली. सेरोनो कंपनीतले रसायनतज्ज्ञ पिएरो दोनिनी यांनी पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून एक अर्क काढला आणि त्याला परगोनल नाव दिलं. पाळी गेलेल्याच का? सून हाक ऐकेनाशी झाली की सासू आवाज चढवते, तसं. बीजांडकोश थकून गप्प होतात, पण वरून पियूषिका हुकूम सोडतच राहते, आणखी मोठ्यानं, आणि ते सगळं संप्रेरक वापराविना लघवीतून वाहून जातं. दोनिनींचा अर्क कित्येक वर्षं पडून होता. मग ब्रूनो लुनेनफेल्ड हा तरुण डॉक्टर आला. व्हिएन्नात जन्मलेला, जिनिव्हात शिकलेला. १९५७ मध्ये तो सेरोनोच्या संचालकांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, पाळी गेलेल्या चारशे बायका रोज लघवी द्यायला तयार झाल्या, तर मूल नसलेल्यांसाठी औषध बनेल. आपण औषधाचा कारखाना चालवतो, मुतारी नव्हे, अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळालं. ही हकिकत लुनेनफेल्ड यांनी म्हातारपणी स्वतःच सांगितलेली आहे. रडवेला होऊन तो बाहेर पडला, तेव्हा संचालकांपैकी एकानं त्याला गाठलं. ते होते ज्यूलिओ पाचेल्ली, पोप बारावे पायस यांचे पुतणे. पुढच्या बैठकीत पाचेल्लींनी तेच भाषण केलं आणि शेवटी एक वाक्य जोडलं, की काकांनी वृद्ध जोगिणींच्या मठांतून लघवी मिळवून द्यायचं ठरवलंय. ठराव पास.

जोगिणीच का, याचं कारण पक्कं व्यवहारी होतं. गोळा केलेल्या लघवीत एका जरी गरोदर बाईची लघवी मिसळली, तरी एचसीजी शिरून सगळा घाणा बिघडला असता. वृद्ध जोगिणींच्या मठात ती भीती नाही, आणि सगळ्या एका छताखाली, शिस्तीच्या. मठांसमोर टँकर उभे राहू लागले. एका बाईच्या एका उपचाराला लागणारं औषध काढायला दहा जोगिणींची दहा दिवसांची लघवी लागे, असं लुनेनफेल्ड सांगत. १९६२ मध्ये इस्राएलमध्ये या औषधावर पहिली मुलगी जन्मली.

आमच्याकडे वसईच्या एक वयस्क सिस्टर होत्या, रोज पहाटेची गाडी पकडून येणाऱ्या, गळ्यात क्रूस. परगोनल कसं देतात ते मला त्यांनीच शिकवलं. काचेच्या कुपीत तळाशी खडूच्या चुऱ्यासारखी पांढरी टिकली असायची, पंच्याहत्तर युनिटची. वेगळ्या कुपीत मिठाचं पाणी. ते पाणी एका कुपीत सोडायचं, टिकली क्षणात विरघळायची, तेच पाणी ओढून दुसऱ्या कुपीत, तिथून तिसऱ्या कुपीत. तीन टिकल्या, एकच मिलिलीटर, म्हणजे एकच टोचणी. ‘तिचं ढुंगण आहे, चाळण नाही,’ असं त्या म्हणायच्या. हे औषध मुळात जोगिणींमुळे झालं, हे आमच्या डॉक्टरांनी एका दुपारी चहावर सांगितलं, तेव्हा त्या इतक्या हसल्या की बशीत चहा सांडला. मग गप्प झाल्या. शरीराबाहेर गर्भ तयार करणं चर्चला मान्य नाही, असं व्हॅटिकननं १९८७ मध्ये लेखी जाहीर केलं होतं, आणि त्यांच्या पॅरिशच्या फादरांनी त्यांना नोकरीबद्दल विचारलंही होतं. त्यांनी नोकरी सोडली नाही. त्यावर त्या कधी बोलल्याही नाहीत.

गरिबाघरच्या बाईला मात्र परगोनल परवडायचं नाही. तिला क्लोमिफीनची गोळी. पाळीच्या तिसऱ्या किंवा पाचव्या दिवसापासून पाच दिवस, रोज ठरल्या वेळी. अमेरिकेत मेरेल कंपनीत फ्रँक पॅलोपोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९५६ मध्ये बनवली. उंदरांमध्ये तिनं गर्भ राहणं थांबवलं आणि बायकांमध्ये नेमकं उलटं केलं. जॉर्जियातल्या रॉबर्ट ग्रीनब्लाट यांनी १९६१ मध्ये तसं प्रसिद्ध केलं, आणि १९६७ मध्ये तिला अमेरिकेत परवानगी मिळाली. गंमत अशी की, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ‘सहेली’ ही गर्भनिरोधक गोळी साधारण याच कुळातली. एक बहीण पाळणा लांबवते, दुसरी हलवते. पुढे लेट्रोझोल आली. स्तनाच्या कर्करोगावरची ही गोळी बीज वाढवायलाही चालते असं दिसल्यावर सगळे ती देऊ लागले. २०११ मध्ये सरकारनं त्या वापरावर बंदी घातली आणि २०१७ मध्ये उठवली. मी तोवर निवृत्त झाले होते, पण शेजारच्या मुली कागद घेऊन विचारायला यायच्या, ‘मावशी, ही बंद झाली म्हणतात, आता?’

आता तो छत्तीस. इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स हे शास्त्रज्ञ शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या बीजांडकोशांच्या तुकड्यांतून स्त्रीबीजं मिळवून काचेच्या बशीत पिकवू पाहत होते. आधीच्या अमेरिकी संशोधनात बारा तास सांगितले होते. बारा तासांनी पाहिलं तर बीज जसंच्या तसं. एडवर्ड्स थांबत गेले. चोवीस उलटून गेल्यावर हालचाल दिसली आणि छत्तीस-सदतीस तासांनी बीज तयार झालं. १९६५ मध्ये त्यांनी ते छापलं. कुणी तरी बारा तासांनी बशी फेकून दिली नाही, एवढ्यावर आमचा धंदा उभा आहे.

पुढे पॅट्रिक स्टेप्टो हे डॉक्टर दुर्बिणीनं बीज काढायचे आणि एडवर्ड्स ते फळवायचे. औषधं देऊन बरीच बीजं मिळायची, पण गर्भ रुजायचा नाही, कारण त्या औषधांनी पाळीचा उत्तरार्ध आखूड व्हायचा. अखेर त्यांनी औषधं बाजूला ठेवली आणि निसर्गाचं एकच बीज धरायचं ठरवलं. आता मुहूर्त त्यांच्या हातात राहिला नाही. लेस्ली ब्राउन या बाईची लघवी दर तीन तासांनी, दिवसा नि रात्री, गोळा करून जपानी चाचणीनं एलएच कधी चढतं ते पाहायचं, आणि चढलं की तिथून तास मोजायचे, मग मध्यरात्र का असेना. १० नोव्हेंबर १९७७ ला ते एक बीज मिळालं. २५ जुलै १९७८ च्या रात्री ओल्डहॅमच्या रुग्णालयात लुईझ जन्मली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी.

त्या दोघांबरोबर तिसरी होती, जीन पर्डी. शिक्षणानं परिचारिका. माझ्याच जातकुळीची, म्हणून मला तिच्याबद्दल जास्त बोलावंसं वाटतं. प्रयोगशाळा तीच सांभाळायची. लुईझच्या गर्भाच्या पेशी विभागताना पहिल्यांदा तिनंच पाहिल्या, असं सांगतात. ओल्डहॅमला स्मरणाची पाटी लागली तेव्हा तिचं नाव घाला, असं एडवर्ड्स यांनी लिहून कळवलं होतं. तरी ते घातलं गेलं नाही. ती १९८५ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी गेली. एडवर्ड्स यांना नोबेल मिळालं २०१० मध्ये.

लुईझनंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात तशीच दुर्गा जन्मली. डॉ. सुभाष मुखर्जींनी ओल्डहॅमच्या उलट केलं. त्यांनी एचएमजी, म्हणजे परगोनलचंच औषध, देऊन बीजं वाढवली, ती योनिमार्गे काढली, गर्भ गोठवून ठेवला आणि औषधाचा असर सरल्यावर पुढच्या एका पाळीत गर्भाशयात सोडला. औषधानं उत्तरार्ध बिघडतो ना, मग ती पाळी जाऊ द्या! आजची केंद्रं रोज हेच करतात. तेव्हा सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं आणि त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ ला त्यांनी जीव दिला.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये मी परळला शिकाऊ परिचारिका होते. ६ तारखेला केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली आणि आमच्या वसतिगृहात पेपर हातोहात फाटला. डॉ. इंदिरा हिंदुजा केईएमच्या, डॉ. टी. सी. आनंद कुमार शेजारच्या प्रजनन संशोधन संस्थेचे, त्यामुळे टेस्ट ट्यूब बेबी ही एकदम आमच्या गल्लीतली गोष्ट झाली. ‘भारतातली पहिली’ असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. पुढे मुखर्जींची कागदपत्रं आनंद कुमार यांच्या हाती आली. ती तपासून १९९७ मध्ये त्यांनी स्वतः लिहिलं, की पहिला मान मुखर्जींचा. आपल्या डोक्यावरचा तुरा स्वतःच्या हातानं उतरवून दुसऱ्याला देणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता माझं. १९९१ चं साल असेल. बदलापूरची एक बाई होती, नवरा मिलमध्ये, आणि मिल कधी चालू तर कधी बंद. परगोनलच्या कुप्या त्यांनी मंगळसूत्राच्या वाट्या सोडून बाकी सगळं मोडून आणल्या होत्या. रात्री बदलापूरला जाणं मला शक्य नव्हतं, म्हणून तिथल्याच डॉक्टरांकडून सुई घ्यायचं ठरलं. मी चिठ्ठी लिहून दिली. मंगळवार, १०.३०, एचसीजी १०,०००. गुरुवारी सकाळी ती आली, बरोबर आई, आईच्या पिशवीत ओटीचं सामान. टेबलावर घेतलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर बीजांडकोशात काळेभोर गोल दिसायला हवेत, आदल्या दिवसापर्यंत मोजलेले सहा. एकही नव्हता. गर्भाशयामागे नुसतं पाणी साठलेलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला विचारलं, सुई किती वाजता घेतली? ‘साडेदहाला, ताई. सकाळी दवाखाना उघडल्या उघडल्या. तुम्ही लिहिलंत तसंच.’

छत्तीसचे अठ्ठेचाळीस झाले होते. बीजं निसटून गेली होती. ‘रात्री’ हा एक शब्द मी लिहिला नव्हता. डॉक्टर मला काही बोलले नाहीत, तिच्या आईला बाहेर जाऊन काय सांगितलं तेही मी विचारलं नाही. ती बाई परत आली नाही. त्यानंतर वीस वर्षं मी प्रत्येक चिठ्ठीवर लाल शाईनं ‘रात्री’ लिहायचे आणि शेजारी चंद्रकोर काढायचे. नव्या मुली हसायच्या. हसू देत.

मग दिवस पालटले. एलएच मधेच आपणहून चढून सगळा खेळ मोडायचा, त्याला लगाम घालणारी औषधं आली. रोज नाकात फवारा किंवा पोटावर छोटी सुई. १९८४ मध्ये इंग्रज डॉक्टरांनी ही युक्ती पहिल्यांदा केली होती, आमच्याकडे ती नव्वदीत पोचली. मुहूर्त पुरता डॉक्टरांच्या हाती आला आणि रविवार टाळता येऊ लागला. माझ्या मुलाच्या दहावीच्या निकालाला मी घरी होते, ते याच्याच कृपेनं. १९९५ मध्ये युरोपात बीज वाढवणारं नवं औषध बाजारात आलं, ते चिनी हॅम्स्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत तयार केलेलं. टँकर, मठ, कशाची गरज उरली नाही. लघवीतून काढलेलं औषधही अजून विकलं जातं, आणखी शुद्ध करून. आता पेनासारखी सुई येते, पोरी स्वतःच पोटाला टोचतात आणि वेळ मोबाइलच्या गजराला सांगतात. जिने चढायला कुणी लागत नाही.

गेल्या वर्षी माझ्या भाचीनं तिच्या केंद्राकडून आलेला मेसेज मला पुढे पाठवला. औषधाचं नाव, मात्रा, तारीख, आणि पुढे नुसतंच १०.३०. मी तिला त्याच मिनिटाला फोन केला. तुमच्या कागदावरही नुसता आकडा असेल, तर सकाळी की रात्री, हे डॉक्टरांकडून अक्षरांत लिहून घ्या.